बाळंतखोलीच्या खिडकीची जाळी

मित्रांनो, माझ्याकडे कुणी बघत नाही. माणसं माझ्यातून पलीकडे बघतात. बोळातली लिंबाची सावली बघतात, जाणारी बैलगाडी बघतात आणि मान वळवतात. मी एक जुनी तारेची जाळी आहे. सिंदी रेल्वे नावाच्या स्टेशनाजवळच्या एका गावात बाळंतिणींची एक खोली आहे. तिच्या मागच्या खिडकीवर मी खिळ्यांनी ठोकलेली आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. जाड तार ओढून ओढून बारीक केली, मग ती उभी-आडवी विणली आणि शेवटी वितळलेल्या जस्तात बुडवली. त्या आंघोळीने मी चांदीसारखी चमकू लागले. गोणपाटात गुंडाळून मालगाडीने मला सिंदीच्या स्टेशनावर उतरवलं आणि तिथून मी हिरालाल यांच्या लोखंडी सामानाच्या दुकानात आले. माझ्याच गुंडाळीतला एक तुकडा कोंबड्यांच्या खुराड्याला गेला, एक दुधाच्या कपाटाला गेला. मलाही कपाटाचं दार व्हावंसं वाटायचं. थंड स्वयंपाकघर, सायीचा वास, आणि बाहेर जीभ चाटत बसलेलं मांजर.

चोपन्न सालच्या उन्हाळ्यात दुकानात एक बाई आल्या. पांढरं लुगडं, पायात चप्पल, आणि डोळे रडून सुजलेले. त्या गावच्या बाळंतखोलीच्या नर्सबाई होत्या, अनुसयाबाई. उंदराचं पिल्लूसुद्धा शिरू नये अशी जाळी द्या, एवढंच त्या म्हणाल्या. हिरालाल एरवी फार बोलके. त्या दिवशी त्यांनी काही विचारलं नाही. सरळ कात्री घेतली आणि मला कापलं. काय घडलं होतं ते गावाला ठाऊक होतं. मला मात्र ते खिडकीवर ठोकली जाताना कळलं.

ही खोली आधी सरकीचं, म्हणजे कापसाच्या बियांचं, गोदाम होती. गावात बाळंतिणींना जागा हवी म्हणून मालकाने गोदामाचं अर्धं अंग देऊन टाकलं. भिंती पांढऱ्या केल्या, खाटा टाकल्या, मागच्या बोळाकडची हवेची खिडकी तशीच ठेवली. पण उरलेल्या अर्ध्या अंगात सरकी भरलेलीच होती. सरकी असली की उंदीर आणि घुशी असायच्याच. गोदामाचा दवाखाना झाला हे त्यांना कोण सांगणार?

त्या खोलीत जन्मलेल्या पहिल्या काही मुलांत धुरपताचा मुलगा होता. धुरपता जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जाई, तिचा नवरा प्रेमदास तिथेच यंत्रांची देखभाल करणाऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली होता. बाळंतपण अवघड गेलं होतं. धुरपता थकून झोपली. जाग आली तेव्हा बाळ किंचाळत होतं आणि त्याच्या टाचेतून रक्त वाहत होतं. पुढे बाळाला ताप चढला. अनुसयाबाईंनी त्याला वर्ध्याला नेलं, पण ते बाळ परत आलं नाही.

हे सगळं मला ठोकायला आलेल्या रूपराव सुतारांनी आणि अनुसयाबाईंनी माझ्यासमोरच हळू आवाजात बोलून घेतलं. रूपरावांनी लाकडाची चौकट बसवली, मला ताणून तिच्यावर ठोकलं आणि चारही कडांवरून अंगठा फिरवला. अनुसयाबाईंनीही तसाच हात फिरवला. मग त्या खाटेवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मित्रांनो, इतकं निरखून माझ्याकडे पुन्हा फार थोड्यांनी बघितलं.

मी काम चोख केलं. अंधार पडू लागला की उंदीर-घुशी सरकीच्या बाजूने भिंतीच्या कडेकडेने येत. आधी मिशा लागत, मग ओलं नाक, मग दात. तार चावून पाहत, चौकटीचं लाकूड कुरतडत आणि परत जात. आत बाळं निजत. त्यांच्या आया निर्धास्त कुशीवर वळत. एकाही बाळाला नखाचा ओरखडा आला नाही.

पण दातांचा आवाज मला कसा थांबवता येणार? खरखर, खरखर. खोलीतल्या बाया तो आवाज ऐकत आणि अंगावरचं पांघरूण ओढून घेत. हळूहळू गावात एक बोलणं पसरलं. उंदीर तर आता येत नाहीत, मग हे कोण खरवडतं? कुणीतरी म्हणालं, धुरपताचं लेकरू. मेलं वर्ध्याला, पण जीव या खोलीतच होता; जाळी लागली आणि तो आतच राहिला. बाहेर पडायला वाट शोधतं, म्हणून तारेवर नखं घासतं. हे ऐकून बाळंतिणी येईनाशा झाल्या. दोन खेडी पलीकडची सुईण बोलावू, पण त्या खोलीत जाणार नाही, असं घराघरांत ठरू लागलं. ज्या जाळीने बाळं राखली तिच्याच भीतीने खाटा रिकाम्या पडल्या.

ते बोलणं धुरपताच्याही कानावर गेलं. एक दिवस ती अनुसयाबाईंपुढे येऊन उभी राहिली. पोट पाठीला लागलेलं, केसांत कापसाचे धागे.

"बाई, हे जाळी काढून टाका. माह्यं लेकरू अंदर हाये. त्याले बाहेर येता नाई येऊन राह्यलं."

अनुसयाबाईंनी तिला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. ते उंदीर आहेत, जाळी आहे म्हणून बाहेरच खरवडतात, असं समजावून सांगितलं. धुरपता शांतपणे ऐकत होती.

"उंदरायचा आवाज मले माईत नाई का, बाई?" ती म्हणाली.

 अनुसयाबाईंनी जाळी मात्र काढली नाही.

तेव्हापासून धुरपता जिनिंगमधून घरी जाताना मागच्या बोळात येऊ लागली. बाहेरून माझ्यावर कपाळ टेकून उभी राही आणि आतल्या लेकराशी बोले. शेंगा निघाल्या, तुझ्या बापाला ताप आला होता, काकाच्या घरी गाय व्याली. ऐकायला मीच होते. तिच्या श्वासाने माझ्या तारा ओल्या होत.

छप्पन्नच्या दसऱ्याला प्रेमदास नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आला. धुरपताही पांढरं लुगडं नेसून त्याच्याबरोबर गेली होती. घरातले देव त्यांनी नदीत सोडले, भिंत सारवून घेतली. प्रेमदास तिला प्रेमानेच म्हणाला होता, "धुरपता, मेलेलं लेकरू भिंत नाई खाजवत. हे सारं आपण सोडलं आता." तिने मान हलवली होती. तिला ते पटलंही होतं. ती मला सांगायची, म्हणजे लेकराला सांगायची, की तुझा बाप खरं बोलतो, मी आता भूत मानत नाही. आणि मग दिवे लागायच्या सुमारास बोळात खरखर सुरू झाली की ती दोन्ही हातांनी माझ्या तारा घट्ट धरायची.

मित्रांनो, मी तर सगळं जाणत होते. प्रत्येक दात मी ओळखत होते. तरी खरं सांगते, काही दुपारी आत कुणी नसे, बोळात कुणी नसे, वारा पडलेला असे, आणि माझी एखादी तार आतल्या बाजूने हलकेच थरथरे. ते काय होतं, ते मला आजही कळलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात खोलीत एकच बाळंतीण होती. मीराबाई, बाजारातल्या किराणा दुकानाच्या घरची सून. माहेर लांब, बाळंतपण नाजूक, म्हणून घरच्यांनी भीती गिळून तिला इथे आणलं होतं. तिचं बाळ खिडकीजवळच्या पाळण्यात होतं. त्या संध्याकाळी अनुसयाबाई वस्तीवर एका आजारी बाईला बघायला गेल्या होत्या. मीराबाईचा डोळा लागला होता.

धुरपता बोळात आली. तिच्या ओच्यात प्रेमदासची पक्कड होती. तिने माझ्या खालच्या कोपऱ्यातली तार पक्कडीत धरली आणि तोडली. मग दुसरी, मग तिसरी. तिने तो कोपरा बाहेर वाकवला, पक्कड खाली ठेवली आणि एक पाऊल मागे सरकली, जशी दार उघडून कुणाला वाट देतात तशी.

"ये बाबू," ती म्हणाली. "ये आता."

ती थांबली. आतून काही आलं नाही.

बाहेरून मात्र आलं. भिंतीच्या कडेने, सरकीच्या बाजूने, रोजची ती घूस. भोकाशी थांबून तिने नाक उचललं. आतून दुधाचा वास येत होता. तिचं डोकं माझ्या तुटक्या तारांतून आत गेलं, आणि पाय तारांवर घासले. खरखर.

धुरपताने तो आवाज ऐकला आणि त्याच क्षणी तो प्राणी पाहिला. तिने उघड्या हाताने घुशीचं धड धरलं आणि मागे ओढलं. घूस वळली आणि तिने धुरपताच्या अंगठ्याखाली दात रोवले. धुरपताने तिला भिंतीवर आपटलं तेव्हा ती सुटली. पण मागून दुसरी येत होती. तेव्हा धुरपताने आपला तळवाच त्या भोकावर दाबून धरला. तुटलेल्या तारांची टोकं तिच्या हातात शिरली. तिचं रक्त माझ्यावरून आत, खिडकीच्या कट्ट्यावर ओघळलं.

"ओ बाई," तिने हाक मारली, "लेकरू उचला. पाळण्यातून लेकरू उचला."

मीराबाई दचकून उठली. खिडकीत लाल झालेला हात बघून तिला वाटलं असेल ते वाटलं असेल. पण तिने आधी बाळ उचललं आणि छातीशी धरलं. मग ती कंदील घेऊन जवळ आली आणि तिला जाळीपलीकडे धुरपताचा चेहरा दिसला. अनुसयाबाई परत येईपर्यंत दोघी तशाच होत्या, एक आत, एक बाहेर. धुरपताने हात काढला नाही.

अनुसयाबाईंनी तिला आत आणलं. जाळी कुणी तोडली हे त्यांनी विचारायच्या आधीच धुरपता म्हणाली, "म्या कापली, बाई." अनुसयाबाई रागावल्या नाहीत. खिडकीला पाट ठोकून त्यांनी लाल औषधाच्या पाण्याने जखम धुवायला घेतली. पाणी लागताच धुरपताचं सारं अंग आखडलं. फार दुखतंय का, असं अनुसयाबाईंनी विचारलं.

धुरपता आपल्या अंगठ्याखालच्या दातांच्या खुणा बघत होती.

"इतकं दुखलं असन का त्याले?" ती म्हणाली.

 मीराबाईने तोंड फिरवलं. मग धुरपता रडली. तिचा मुलगा गेला तेव्हा ती रडली नव्हती, असं अनुसयाबाई नंतर रूपरावांना सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी रूपरावांनी माझा कोपरा नव्या तारेने शिवला. घडलेली गोष्ट मीराबाईने स्वतः घरोघर सांगितली. घूस कशी आली, हात कुणाचा होता. धुरपताने तार तोडली हेही तिने लपवलं नाही आणि का तोडली हेही सांगितलं. हळूहळू खाटा पुन्हा भरू लागल्या. पुढच्या वर्षी धुरपता तिथेच बाळंत झाली. मुलगी झाली. मीराबाईने आपल्या बाळाचं मऊ दुपटं तिच्यासाठी पाठवलं. त्यावरून तिच्या घरात जातीची कुरबुर झाली, पण तिने दुपटं परत मागवलं नाही. धुरपताने मुद्दाम माझ्याच खालची खाट मागून घेतली होती. घरी निघताना ती मुलीला कडेवर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या चारही कडांवरून बोट फिरवून गेली. बोळात ती पुन्हा आली नाही.

आता लोक म्हणतात, त्या खोलीतला आवाज थांबला. मित्रांनो, तो थांबलेला नाही. भीती गेली आणि लोकांनी ऐकणं सोडलं, एवढंच. अनुसयाबाईंची आर्वीला बदली झाली. रूपरावांना आता दिसत नाही. माझं जस्त उडून गेलं आहे, पावसाळ्यात मी गंजाचं पाणी गाळते. चौकटीचं लाकूड खालून पोखरलं गेलं आहे, तिथले खिळे बोटानेही हलतील. पण माझ्यावरून बोट फिरवायला कुणी येत नाही.

पलीकडे सरकीची नवी पोती आली आहेत. आत आज सकाळीच एक बाळ जन्मलं आहे. त्याची आई दमून झोपली आहे आणि बाहेर ऊन उतरू लागलं आहे. तुमच्यापैकी कुणी या बोळातून जात असाल, तर एवढं करा. थांबा, माझ्यातून पलीकडे बघू नका, माझ्याकडे बघा. आणि कुणा मोठ्या माणसाला हाक मारा, हातोडी घेऊन या म्हणावं, दिवे लागायच्या आत.