हिरव्या चौकोनांवर फुलं

चुकायचं आपण आणि बोट बायकोकडे दाखवायचं, या थोरल्याच्या खोडीची माईंना शिसारी येई. पोटचा पोर, पण कधीकधी त्याच्या तोंडाकडे बघवत नसे.

घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा व्हिडिओचा धंदा. शूटिंग आणि एडिटिंग सून करी, मिरवायचं काम थोरल्याचं. त्यानं हौसेनं कॉम्प्युटरमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं आणि हातातल्या लग्नाच्या फिल्मचं मातेरं झालं. आजी नवरीचा गाल कुरवाळते, नेमकं तिथं आजीचं तोंड हिरव्या चौकोनांनी भरून जाई आणि हात उचकी लागल्यासारखा पुढे-मागे होई. लग्नानंतर आजी लगेच गेली. तिचं हलतं चित्र दुसरं कुठंच नव्हतं, आणि नवरीचा बाप संध्याकाळी फिल्म न्यायला येणार होता.

थोरल्यानं सगळ्या सेटिंग एकदम फिरवून पाहिल्या. "सॉफ्टवेअरच भिकार आहे!"

"अहो, सगळं एकदम बदललंत तर दोष कुणाचा ते कसं कळणार?"

"तू शिकव आता मला!" बिस्किटाचे तेलकट हात दाराच्या पडद्याला पुसून तो बाहेर गेला.

सुनेनं सगळं पूर्ववत केलं, आजीचा तेवढाच तुकडा वेगळा काढला. "आई, फाइलमध्ये चित्रं घड्या घालून ठेवलेली असतात. ती उलगडायचं काम कार्डाकडे आहे. आधी तेवढंच त्याच्याकडून काढून घेते."

हिरवे चौकोन गेले. हात मात्र उचक्या देतच होता.

"म्हणजे दुखणी दोन. चित्रं उलगडायला एकाच वेळी पुष्कळ थ्रेड, म्हणजे कॉम्प्युटरचे गडी, जुंपलेत, आणि ज्याचं आधी होईल तो आपलं चित्र आधी पुढे ढकलतोय."

"सगळेच मुकादम!" माई म्हणाल्या.

"अगदी तस्सं." सुनेनं एकच थ्रेड ठेवला आणि आजीचा हात गालावरून अलगद फिरला. खात्रीसाठी तिनं कार्ड पुन्हा चालू केलं. चौकोन पुन्हा हजर. ते बंद करून तिनं सबंध फिल्म बनवायला लावली. काम किती झालं ते दाखवणारी पट्टी गोगलगायीसारखी सरकू लागली, तशी ती दोन घास खायला आत गेली.

माईंचा जरा डोळा लागला. जाग आली तेव्हा थोरला खुर्चीत. रेंगाळणारी पट्टी त्यानं रद्द केली होती, कार्ड आणि थ्रेड सगळं चालू करून झटपट फिल्म काढली होती. चौकोन होतेच. त्यांच्यावर तो गुलाबी फुलांचा इफेक्ट चिकटवत बसला होता. गेलेल्या बाईच्या डोळ्यांवर, ओठांवर फुलं भिरभिरत होती. 

शिवाय स्पीकरवर फोन चालू, पलीकडे नवरीचा बाप. "काय आहे साहेब, शूटिंग मिसेसनं केलं. बायकांच्या हाती कॅमेरा दिला की थोडं इकडेतिकडे व्हायचंच."

दारात सून उभी होती. तिचा घास हातातच राहिला.

माईंनी फोन ओढून घेतला. "दादा, आज येऊ नका. शूटिंग झकास आहे, फिल्म माझ्या लेकानं नासवली. सून नीट करून देईल, तोवर धीर धरा."

फोन ठेवून त्या थोरल्याकडे वळल्या.

"अडाणी असतास तर पदराखाली घेतलं असतं रे. अडाणी तर मीही आहे. तू लबाड आहेस, आणि तेही घरच्या बाईच्या जिवावर. ऊठ त्या खुर्चीतून. पुन्हा बसावंसं वाटलं तर हिला विचारायचं, आणि ही नाही म्हणाली तर माझ्याकडे रडत यायचं नाही."