बटाटेकाकांचं दर्शन

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी घरात काहीच विशेष घडलं नव्हतं. आई ओट्याशी बटाटे सोलत होती आणि तिची धाकटी बहीण, म्हणजे मावशी, खुर्चीत बसून चुका काढत होती.

"ताई, निम्मा बटाटा सालीतच घालवतेस."

"उरलेला तुझ्या डोक्यात घालते," आई म्हणाली आणि स्वतःच्याच बोलण्यावर खदखदून हसली.

आईचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला. त्यामुळे हसू आलं की हात तोंडावर. घरातल्या झाडून सगळ्या फोटोंत आईच्या जागी तिचा हातच दिसायचा. त्या दिवशी मात्र हात कामात होते. लेकीनं फोटो टिपला.

"दात दिसतोय. पूस तो फोटो," आई म्हणाली.

लेक छापखान्यात कामाला. फलकाला फोटो केवढा लागतो, वेबसाइटला केवढा, हे तिचं रोजचंच. तिनं फोटो नखाएवढा लहान केला आणि घरच्या ग्रुपवर लावला. "आता दिसतोय?"

आईनं चष्मा लावून पाहिलं. "आता शोभते," ती म्हणाली आणि लेकीच्या मोबाइलवरचा मोठा फोटो स्वतःच्या हातानं पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जरा पडते म्हणून आडवी झालेली आई उठलीच नाही.

मागे उरला तो नखाएवढा फोटो. लेकीनं तो भिंतीसाठी मोठा करून पाहिला, तर आईच्या जागी रंगीत चौकोनांची फरशी उमटली. तेवढ्यात मावशीला बारक्या फोटोतून गेलेल्या माणसाचं मोठं दर्शन घडवणारे बिंबमहाराज सापडले.

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंचावर पांढऱ्या झग्यातले महाराज, मागे काळ्या कापडानं झाकलेला पडदा. कापडाआड संगणकाचा पंखा घरघरत होता. महाराज त्याला अनाहत नाद म्हणत.

"भक्तहो, डीपीआय म्हणजे काय? देह, प्राण आणि इच्छा. यंत्राला नुसता देह दिसतो. प्राण आम्ही ओततो." छापखान्यात डीपीआय म्हणजे फोटोच्या एका इंचात मावणारे ठिपके, एवढंच लेकीला ठाऊक होतं.

कापड सरकलं आणि कुणाचे तरी आजोबा भरघोस मिशांसकट प्रकटले.

"बाबा, आजोबांना मिशी कुठे होती?" नातीनं विचारलं.

"तिकडे गेल्यावर ठेवली असेल. गप्प बस."

मग आई आली. दाराएवढी, केसन् केस स्पष्ट. "ताई," म्हणून मावशीनं हंबरडा फोडला. क्षणभर लेकीनंही मानलं. मग तिची नजर आईच्या तोंडावर गेली. दात सरळ, पांढरेशुभ्र, एकही उणा नाही.

"मावशी, दात बघ."

"महाराजांनी बसवला असेल. बरंच झालं की. हाच भिंतीवर लावू."

लेक रात्रभर तळमळली. ही परकी बाई भिंतीवर चढली, की चार वर्षांनी आपल्यालाही हीच आई वाटायला लागेल.

पुढच्या दर्शनाला ती मावशीला घेऊन पुन्हा रांगेत उभी राहिली. "हे आमचे काका," म्हणत तिनं नखाएवढ्या फोटोतला एक तपकिरी ठिपका पुढे केला.

महाराजांनी डोळे मिटले. "मातीशी फार जवळचं नातं होतं यांचं."

"फारच."

"तापट, पण मनानं मऊ."

"उकळले की अगदी मऊ."

कापड सरकलं. रुंद चेहऱ्याचे, तुळतुळीत टकलाचे काका तोंडभर हसत होते. सभागृहानं हात जोडले. लेकीनं पिशवीतून बटाटा काढून उंच धरला, मोबाइलवर त्याचा फोटो उघडला आणि सगळ्यांदेखत पुन्हा लहान केला. तोच तपकिरी ठिपका.

"हे आमचे काका," ती म्हणाली.

आधी आजही आलेली ती मिशीवाल्या आजोबांची नात फिसकन हसली, मग तिचे बाबा, मग खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा.

"बटाट्यालाही आत्मा असतो," महाराज म्हणाले.

"पण दात नसतात, महाराज," मागून आवाज आला.

मावशी मात्र हसत नव्हती. ती पडद्याकडे टक लावून बघत होती. "अगं," ती हळूच म्हणाली, "हे तर ताईचेच दात. म्हणजे, परवाच्या ताईचे."

"दात संगणकाचे, मावशी." लेक लोकांकडे वळली. "फोटो लहान करताना बारकावे टाकून दिले जातात. टाकलेलं आत कुठे लपून बसत नाही. पुन्हा मोठा करायला सांगितलं, की संगणक आधी पाहिलेल्या असंख्य चेहऱ्यांवरून अंदाज करतो आणि रिकाम्या जागा भरतो. आम्हीही छापखान्यात हेच करतो, फक्त झगा घालत नाही. अंदाज करणं वाईट नाही, पण अंदाजाला आपलं माणूस म्हणू नका. तुमचं माणूस तुम्हाला ठाऊक आहे. मिशी नव्हती, तर नव्हती म्हणा."

त्या संध्याकाळी लेकीनं नखाएवढा फोटो नखाएवढाच छापला, मोठ्या कोऱ्या कागदाच्या मधोमध, आणि चौकट भिंतीवर लावली.

मावशी नाक लावून बघत राहिली. "काही म्हणजे काही दिसत नाही गं."

"आपल्याला माहीत आहे ना काय आहे ते."

मावशी डोळे पुसत बटाटे सोलायला गेली. साल जाडच निघत होती. लेक भिंतीशी उभी राहिली. जे घरात आजवर कुणी आईला म्हटलं नव्हतं, तिनंही नाही, ते ती मोठ्यानं म्हणाली,

"आई, तुझा तो अर्धा दात मला फार आवडायचा."