मत्सर ओळखणारा वॉल्व्ह

दसऱ्याच्या सकाळी दिल्लीच्या द्वारका भागातल्या त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. झेंडूच्या माळा, लिंबं, नारळ, आणि सगळ्याच्या मधोमध अक्षताची नवीकोरी लाल गाडी, बॉनेट उघडं टाकून, दाढ काढायला बसलेल्या माणसासारखी. इंजिन सुरू होतं. पुढच्या जाळीतून चांदीसारखं चकाकणारं, कर्ण्याच्या आकाराचं एक तोंड बाहेर डोकावत होतं.

फुस्स्स्.

सगळी गर्दी एक पाऊल मागे सरकली आणि लगेच दोन पावलं पुढे आली.

"ऐकलंत? गाडीनं श्वास सोडला," श्वासगुरू मुरलीधर म्हणाले. गुरुग्रामला त्यांचं गाड्यांच्या सजावटीचं दुकान होतं. जीन्सवर भगवा कुर्ता, आणि उजवा हात कायम जपमाळेच्या गोमुखीत. "पेट्रोल म्हणजे अन्न, हवा म्हणजे प्राण आणि टर्बो म्हणजे प्राणायाम. नुसता पूरक, रेचकच नाही, तर गाडी गुदमरणार की नाही? आपला प्राणमोचक वॉल्व्ह तो रेचक करवतो. आणि श्वासाबरोबर काय जातं बाहेर? जळणाऱ्यांची नजर. मीठमोहरी निखाऱ्यावर तडतडते ना, बिल्कुल तसं. ज्याच्या मनात खोट, तो समोर आला की गाडी फुत्कारते."

मोहरी निखाऱ्यावर टाकली की तडतडतेच, दृष्ट असो वा नसो, हे वैभवीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ती बोलली नाही. एक तर सणाचा दिवस, आणि दुसरं म्हणजे तिला स्वतःच्या आवाजाची खात्री नव्हती. तो कडवट निघाला असता.

कारण अक्षताची ती गाडी आल्यापासून वैभवीच्या पोटात दुखत होतं. अक्षता तिची बालवाडीपासूनची मैत्रीण, समोरच्याच दाराची. अकरावी-बारावीत फिजिक्सची प्रॅक्टिकलं वैभवीनं करायची आणि आकडे अक्षतानं उतरवून घ्यायचे. आता वैभवी पदार्थविज्ञानात एमएस्सी होऊन युपीएससीच्या क्लासला मेट्रोच्या ब्लू लाइनमध्ये उभ्यानं जात होती, आणि अक्षता गुरुग्रामच्या काचेच्या इमारतीत बसून, बोटावर किल्ली गरगर फिरवत, "यार, सनरूफची सवयच लागलीये" असं सहज म्हणत होती. त्या 'सहज'चाच वैभवीला सगळ्यात राग यायचा. परवा तिनं गाडीच्या दारावर एक ओरखडा पाहिला होता आणि तिला बरं वाटलं होतं. मग तो ओरखडा नसून पक्ष्याची विष्ठा निघाली, तेव्हा चक्क वाईट वाटलं होतं.

"चला, एकेक जण या," मुरलीधर म्हणाले. "पूजेआधी गाडीसमोरून जा. मन साफ असेल तर गाडी गप्प राहील."

लोक रांगेनं निघाले. सोसायटीतल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष तात्याराव गेले, गाडी गप्प. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. चौथ्या मजल्यावरचे उल्हासकाका गेले आणि गाडी फुत्कारली. बिचारे गोरेमोरे झाले. मग वैभवीची पाळी आली. विज्ञान शिकलेली मुलगी, पण त्या चकाकत्या तोंडासमोर उभं राहताना तिला वाटलं, आता सगळ्या सोसायटीला कळणार.

गाडी गप्प राहिली.

सुटल्याचा आनंद तिला क्षणभरच झाला. कारण तिच्यामागून तिची आई पुढे आली, औक्षणाचं ताट घेऊन. विजयाकाकू केंद्र सरकारच्या मंत्रालयात नोकरीला, स्वतःची गाडी कधी घेतली नाही. पण सोसायटीतल्या मराठी घरांत कुणाचीही नवी गाडी येवो, दसऱ्याला तिला ओवाळायचा मान त्यांचा. त्या अक्षताकडे बघून हसल्या, निरांजन सावरलं, आणि तेवढ्यात,

फुस्स्स्.

"परत एकदा," कुणीतरी म्हणालं. त्या मागे सरकून पुन्हा पुढे आल्या. फुस्स्स्. पहिल्यापेक्षा लांबलचक.

"माताजी, बुरा मानू नका," मुरलीधर आवाज मऊ करून म्हणाले, "पण ताट दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. आणि बेटी, या घराची सावली गाडीवर पडू देऊ नकोस काही दिवस."

अक्षतानं पुढे होऊन ताट घेतलं. विजयाकाकूंनी ते सोडलं, पदराला हात पुसले आणि लिफ्टकडे गेल्या. त्यांच्या मागे बायकांची कुजबुज सुरू झाली. "माझ्या धाकट्याच्या गाडीलाही यांनीच ओवाळलं होतं. महिन्यात ठोकली त्यानं."

वैभवी जागच्या जागी उभी राहिली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट घण घालत होती: हे यंत्र खोटं आहे, आणि ते मला नक्की माहीत आहे. या अख्ख्या पार्किंगमध्ये गाडीवर जळणारं कुणी असेल तर ती मी. आई नव्हे. मी समोर उभी होते तेव्हा हे गप्प बसलं.

पण हा पुरावा दाखवायचा कसा? आणि दाखवला तरी तो पुरावा तिच्या एकटीच्या पोटातला. लोक म्हणाले असते, आईसाठी खोटं बोलतेय.

मग तिनं शिकल्याप्रमाणे विचार करायला सुरुवात केली. टर्बो म्हणजे शेवटी पंखाच. इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरतो आणि आत जादा हवा कोंबतो. गाडी जोरात असताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की ती कोंबलेली हवा अडकते, आणि तिला वाट द्यायला वॉल्व्ह असतो. पण इथं गाडी जागेवर उभी. आत कुणी बसलेलंसुद्धा नाही. इंजिन नुसतं गुरगुरतंय. दाबच नाही, तर सुटणार काय?

दुसरी गोष्ट. कुणाकुणासाठी फुत्कारली? उल्हासकाकांसाठी, काल मुरलीधर वॉल्व्ह बसवायला आले तेव्हा त्यांनी पक्कं बिल मागितलं होतं. आईसाठी, तिनं काल फाटकापाशी त्यांनाच विचारलं होतं, पाइप कापून हे बसवलं तर कंपनीची वॉरंटी राहते का. गाडीला मत्सर कळत नसावा. कुणाला तरी प्रश्न आवडत नसावेत.

तसं असेल तर पुढचा फुत्कार आधीच सांगता यायला हवा.

वैभवीनं झेंडूची रिकामी पातळ पिशवी उचलली आणि गाडीच्या डिकीतल्या पूजेच्या पुड्यातून रबरबँड काढलं. चेहरा शक्य तितका भाबडा केला.

"गुरुजी, एक शंका होती. गाडीतून निघालेली नजर जाते कुठे?"

"वायुमंडलात."

"म्हणजे इथेच, पार्किंगमध्ये? लहान मुलं सायकली चालवतात इथे."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मुरलीधर अडखळले. "वैसे तो... झोत मोठा असतो. हात धरलात तर हात ढकलला जाईल. दूर जाते ती."

"मग पिशवीत धरू या ना. गाठ मारून सोसायटीच्या बाहेर टाकू."

"अच्छा विचार आहे," तात्याराव म्हणाले. "बांध गं, घट्ट बांध."

मुरलीधरांना नाही म्हणायला जागा उरली नाही. वैभवीनं पिशवी चपटी करून त्या चांदीच्या तोंडावर चढवली, रबराचे वेढे दिले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आणि गुरुजी, या वॉल्व्हला सरकारी मान्यता आहे का? कागद दाखवता?"

एवढं बोलून ती गाडीसमोर जाऊन उभी राहिली.

फुस्स्स्.

"पाहा," मुरलीधर विजयानं म्हणाले. "मघाशी लपली होती, आता निघाली."

"हो, निघाली," वैभवी म्हणाली. "पण पिशवीत आली नाही."

सगळ्यांच्या माना वळल्या. पिशवी होती तशीच लोंबत होती, चपटी, सुरकुतलेली. फुगणं सोडा, हलली नव्हती.

"नजर सूक्ष्म असते, बेटी. प्लास्टिकला नाही कळत."

"नजर सूक्ष्म असेल. तुम्ही हवेचा झोत म्हणालात. हात ढकलणारा."

"शंका घेणाऱ्यासमोर शक्ती काम करत नाही."

"आवाज तर आला की. शक्तीनं आवाजाचंच काम केलं वाटतं, हवेचं नाही."

गर्दीत कुणी तरी खुदकन हसलं. मुरलीधर तावातावानं बोलू लागले. ऋषी, मुनी, जपान आणि जर्मनी यांची नावं एका वाक्यात येऊन गेली. तात्याराव मात्र त्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हते. रोज पहाटे माळ ओढणारा तो माणूस गोमुखीकडे टक लावून बघत होता.

"मुरलीधरजी," ते शांतपणे म्हणाले, "जप चालू असताना बोलत नाहीत. मी तासभर पाहतोय. तुमचं तोंडही चालू आणि गोमुखीतला हातही चालू. कुठला जप आहे हा?"

"मानस जप."

"मग माळ कशाला? हात बाहेर काढा बघू."

हात बाहेर आला तो रिकामा. तात्यारावांनी गोमुखी काढून घेतली आणि उलटी केली. माळ खाली पडली, आणि तिच्यामागून बोटभर लांबीचा एक काळा रिमोट. त्यांनी त्यावरचं बटण दाबलं.

फुस्स्स्. आता तर गाडीसमोर कुणीच नव्हतं.

पुढचं अक्षतानं स्वतः केलं. गाडी तिची होती. तिनं इंजिन बंद केलं आणि चांदीच्या तोंडामागची नळी हातानं ओढली. ती ओढताच निघून आली. दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं, रबराच्या बुचानं बंद. हेडलाइटच्या मागे टेपनं चिकटवलेला छोटा स्पीकर सापडला, त्याची वायर बॅटरीला.

"म्हणजे हा वॉल्व्हच नाही?" तिनं विचारलं. तिचा चेहरा गाडीपेक्षा लाल झाला होता. वैभवीला ते पाहून जरा गोड वाटलं, हे इथं लपवण्यात अर्थ नाही.

"नाही. नशीब समज, यानं खरा पाइप कापला नाही."

"आणि खरा असतो तो?" उल्हासकाकांनी विचारलं. "माझा पुतण्या लावणार होता. पिकअप वाढतो म्हणे."

"आवाज वाढतो, काका. जादा हवा सोडणारी झडप पेट्रोल टर्बो गाडीत कंपनीनं बहुधा दिलेलीच असते. ती हवा गुपचूप आतल्या आत वळवते, म्हणून ऐकू येत नाही. बाजारातली झडप तीच हवा बाहेर सोडते, म्हणून फुस्स होतं. गाडीचा जोर आधी होता तेवढाच राहतो. बाहेर गेलेल्या हवेनं गाडी कशी पळेल? उलट काही गाड्यांत आत येणारी हवा सुरुवातीलाच मोजतात. ती मध्येच बाहेर सांडली तरी पेट्रोल मोजलेल्या हवेइतकंच पडतं. मग काळा धूर, गचके आणि मायलेजची बोंब."

मुरलीधर या वेळेपर्यंत फाटकाकडे सरकले होते. उल्हासकाका त्यांच्या आधी तिथं जाऊन उभे राहिले. "पक्कं बिल राहिलंय," ते म्हणाले. "पोलिसांना फोन केलाय, ते येईपर्यंत लिहून टाका."

अक्षता ताट घेऊन वर निघाली. वैभवीही तिच्याबरोबर लिफ्टमध्ये शिरली. निरांजन विझलं होतं.

"काकू दार उघडतील ना?" अक्षता म्हणाली.

"उघडेल. पण आधी माफी माग, गाडीचं नंतर बोल. ताट काढून घेतलंस तू तिच्या हातातून. त्या माणसानं नाही."

अक्षतानं मान हलवली. मग म्हणाली, "तुला एवढी खात्री कशी होती गं? पिशवी बांधायच्या आधीच."

"मी समोर उभी होते तेव्हा ते गप्प बसलं."

"मग?"

"मग काय. तुझी गाडी आल्यापासून मी जळतेय, अक्षता. रोज. मेट्रोत उभी असते तेव्हा जास्त. ते यंत्र खरं असतं तर माझ्यासमोर त्याचा स्पीकर फाटला असता."

लिफ्टचं दार उघडलं. अक्षता बाहेर पडली नाही. "अजून जळतेस?"

"हो. जाईल हळूहळू, नाही तर नाहीही जाणार. ते माझं मी बघेन. पण त्यानं तुझं टायर पंक्चर होत नाही."

वाचकहो, मत्सर खरा असतो. तो माणसाची झोप घालवतो, तोंड कडू करतो, कधी हातून वाईटही करवतो. पण तो काचेतून, पत्र्यातून, इंजिनातून आत शिरत नाही. गाडी ठोकली जाते ती ब्रेक उशिरा दाबल्यानं, ओवाळणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी नव्हे. तरीही कुठलं अपयश आलं की आपण समोरच्या घराच्या दाराकडे बघतो, आणि तिथं बहुधा एखादी एकटी, किंवा प्रश्न विचारणारी बाई राहत असते. शेजाऱ्याच्या मनातलं मोजणारं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही. कुणी विकायला आणलंच, तर गुरुजींना नमस्कार करण्याआधी त्याच्या तोंडाला एक पिशवी बांधा आणि फुगते का ते बघा.