डालड्याच्या डब्यातलं लाल डोस्कं

देवकाबाईच्या माजघरात पाय ठेवाले जागा नव्हती. दारात माणसं, खिडकीशी बाया, अन् सगळ्याईचे डोये एका डालड्याच्या डब्यावर. डब्यात वाळली माती. तिच्यातून रगतासारखं लाल, गोल डोस्कं वर आलतं. पान एक नाई.

आणीबाणी उठली त्याच्या पुढचा उन्हाळा होता. आमचं गाव देवळीच्या बाजूचं, अन् देवकाबाईच्या अन् माह्या घराची भिंत एकच. म्हणून सांगतो ते डोयानं पाह्यलेलं हाय.

डबा होता इंदिराचा, देवकाबाईच्या पयल्या सुनेचा. पावसाळ्यात पुलगावच्या माहेरून कसलासा कांदा आणून तिनं डब्यात लावला, खिडकीत ठेवला. हिरवीगार पानं फुटली. दिवाळी झाली अन् इंदिरा तापानं गेली. त्याच आठवड्यात पानं बी पिवळी पडून वाळली. मंग डब्याले कोणी हात लावला नाई. आमच्याकडे मेल्या बाईची वस्तू फेकत नाई अन् शिवत बी नाई.

फाल्गुनात तिच्या नवऱ्यानं, रूपरावनं, दुसरी केली. यशोदा. पाण्याची घागर बी आवाज न करता ठेवणारी पोरगी. ते आली अन् म्हैस आटली, सासूचे गुडघे धरले. झालं, पोरगी पांढऱ्या पायाची ठरली.

मंग कुठूनसा प्रेमदासबाबा आला. त्याचं बोलणं म्हणजे अर्धी हिंदी, अर्धी मराठी अन् उरलेली ढेकर. त्यानं डब्यात बोटं खोल घातली, डोये मिटले.

"माई, मिट्टी जिंदा हय. नवतप्याच्या नऊ दिवसांच्या उन्हात ते वर येईन. लाल होऊन येईन. रोज एक गडवा मंतरलेलं पानी डालना."

अन् आलं ना बाप्पा ते वर. गाव थंडगार पडलं.

बाबा म्हणे, "सौत हय. नव्या सुनेच्या दोनी तळहातावर तापला विळा ठेवा, आठ दिवसांत डोस्कं खाली जाईन. मेलीच्या आईच्या हातची चोळी-बांगडी बी पाह्यजे."

चोळी-बांगडी आणाले मले सकाळच्या मोटारीनं पुलगावले धाडलं. इंदिराची माय मनकर्णाबाई अंगण झाडून राह्यली होती. म्या सगळं सांगतलं. तिनं एवढंच इचारलं, "पान होतं काय संगं?"

"नाई."

"हं," म्हणली अन् पिशवीत चोळीच्या जागी खुरपं टाकलं.

आम्ही पोचलो तवा विळा चुलीत लाल झालता. दोन बायाईनं यशोदाचे मनगट धरलेले. रूपराव भिंतीकडे तोंड करून उभा. पोरगी रडत नव्हती, त्या डब्याकडेच पाहून राह्यली होती. तिले बी खरंच वाटलं असन.

मनकर्णाबाई सरळ डब्यापाशी गेली.

"बाई, हात मत लगाना, भसम हो जाएगी."

"माही पोरगी तापानं जळतानी पाह्यली म्या. आता भसम व्हाचं काय राह्यलं?"

तिनं खुरपं घातलं अन् खालचा कांदा मातीसगट उपसून वर धरला. लाल डोस्कं त्याच्याच मानेतून निघालतं.

"देवकाबाई, लिली हाय हे. मीच देल्ली इंदिराले. माह्या ओसरीत असे चार डबे हायेत, चारीत फुलं आलीत. बाबा, त्या चारीत कोण कोण मेलं ते सांगता काय?"

मागून एकजण हासला अन् चूप झाला.

"हिवाळ्यात इची पानं वाळतेत. मरत नाई, झोपते. तवा पाणी बंद कराचं, सावलीत ठेवाचं. उन्हाळा सरताना पाणी भेटलं का पयले फूल काढते, पानं मागून. यानं बोटं घातली तवा कोंब हाताले लागला असन. मंग रोज तुमच्याच हातानं पाणी घालाले लावलं. अन् आठ दिवसांत हे फूल आपोआप सुकते. तवा हा म्हणला असता, पाहा, विळ्याचा डाग लागू पडला."

देवकाबाई हळूच म्हणली, "मंग इंदिरा नाई काय हे?"

"असती तं मलेच बरं वाटलं असतं, बाई. नाई हाय." अन् बायाईकडे वळून, "सोडा तिले."

तवरक कोणी सोडलं नव्हतं. आता सोडलं तं यशोदाच्या मनगटावर बोटाईचे वळ उठलते. या गडबडीत बाबा दारातून निघाला. लोकाईनं त्याले वाट देल्ली, दोघंतिघं तं पाया बी पडले.

तो गेला, पण पुढच्या गावात बी कोणाची म्हैस आटलीच असन. म्हणून सांगतो. घरात असं काही निघालं तं पयले माती उकरून पाहा, जाणत्याले इचारा. तेवढ्या गर्दीत एकानं बी डब्यात बोट घातलं नाई. भुताचं भेव वाटते, ते मी समजतो. पोरीचे हात जाळाचं भेव कोणाले वाटलं नाई, हे मले अजून समजलं नाई. फुलाले कायले भेता? भ्याचं असन तं आपल्या हातातल्या विळ्याले भ्या.