सोळा डिग्रीचा होकार

चुसॉकच्या, म्हणजे सुगीच्या सणाआधी पितरांच्या थडग्यांवरचं गवत कापावं लागतं, आणि दरवर्षी ते गेल्या वर्षापेक्षा उंच वाटतं. गवत तेवढंच असतं, कापणारा खचलेला असतो. वॉनशिक आता चोपन्न वर्षांचा, विमा कंपनीत उपव्यवस्थापक. खांद्याला अडकवलेलं यंत्र तो हलवतोय की यंत्र त्याला, हे बघणाऱ्याला सांगता आलं नसतं.

बघणारे एकटे त्याचे काका होते. उईसंगच्या या टेकडीखाली लसणाचं शेत आणि रिकामं घर सांभाळून असलेले. पाइनच्या सावलीत वर्तमानपत्रावर मांडी घालून ते देखरेख करत होते.

"डावीकडे राहिलं."

"दिसतंय, काका."

"दिसतंय तर राहिलं कसं?"

वॉनशिक सुवन शहरातून पहाटे निघून आला होता तो गवतासाठी नव्हे. थोरल्या घरचा थोरला म्हणून वर्षाला सहा श्राद्धं त्याच्या घरी होत, आणि प्रत्येक वेळी त्याची बायको मिरान आदल्या दुपारपासून तव्यासमोर उभी राहून मासे, भोपळा, टोफू तळत असे. पितर वास घेऊन निघून जात. उरलेलं वॉनशिक आठवडाभर डब्यात नेई. गेल्या रविवारी मिरानने अजिबात आवाज न चढवता सांगितलं होतं, "सहाचं एक करायचं. काकांचा होकार घेऊन ये. नाहीतर या चुसॉकला मी बहिणीकडे जेजूला जातेय. तुझे पितर आणि तू, हॉटेलात जा." आवाज चढवला असता तर वॉनशिकला घासाघीस करता आली असती.

गवत संपलं. वॉनशिकने वडिलांच्या थडग्यापुढे सुका मासा आणि नासपती मांडली, पिशवीतून सोजू दारूची हिरवी बाटली काढली. काकांनी चष्मा कपाळावर ढकलून लेबलवरची दारूची तीव्रता वाचली.

"सोळा डिग्री! दादा पंचवीसची पीत होता. त्याला वाटेल मुलगा पाणी घालायला आलाय."

"आता सगळ्याच अशा मिळतात, काका. दरवर्षी थोडी उतरवतात."

"आमची आई मातीच्या भट्टीवर गाळायची. थेंब थेंब पडायचा. एक घोट घेतला की माणूस खरं बोलायचा." त्यांनी बाटली हलवून बघितली. "हिच्यावर माणूस फार तर हवापाण्यावर बोलेल."

वॉनशिकने पेला भरून थडग्याभोवती ओतला, दोघांनी वाकून नमस्कार केले. मग त्याने दोन्ही हातांनी बाटली धरून काकांचा पेला भरला. मोठ्यांनी स्वतःचा पेला स्वतः भरायचा नसतो, आणि अर्धा उरलेला पेला कुणी भरून द्यायचा नसतो. काकांनी अर्धाच पिऊन खाली ठेवला. म्हणजे आता ते म्हणतील तेव्हाच पुढचा.

वाट बघायला वॉनशिककडे कंबर उरली नव्हती.

"काका, श्राद्धांचं बोलायचं होतं."

"बोल."

"सहाचं एक केलं तर? सगळ्यांची मिळून, एकाच दिवशी. मिरान थकलीय. मीही."

काका थडग्याकडे वळले. "ऐकलंस का दादा? तुझ्या पोराला कंटाळा आलाय तुझा."

"तसं नाही, काका."

"तू गप्प रे. मी त्याच्याशी बोलतोय." बराच वेळ थडग्याने काही हरकत घेतली नाही. खाली कुणाचं तरी असंच यंत्र घरघरत होतं. मग काका दुसरीकडे बघत म्हणाले, "सहा वेळा मी बसने सुवनला येतो. गुडघे शिव्या देतात. पण येतो. एकदाच करायचं म्हटलं तर बाकी पाच वेळा मी कुठे जायचं?"

हा प्रश्न वॉनशिकने गाडीत केलेल्या तयारीत नव्हता.

"इथे घरात बाटली असते," काका म्हणाले, "ओतणारं कुणी नसतं. स्वतःच ओतून घेतो झालं. समोर माणूस नाही, म्हणून दोनदा भिंतीचीच माफी मागितली."

"मग या ना तुम्ही. त्या पाच दिवशी या. नुसतं जेवायला."

"पितरांशिवाय?"

"पितरांशिवाय."

काकांनी अर्धा पेला संपवला, कडा अंगठ्याने पुसली आणि तोच पेला पुतण्यापुढे धरला. वॉनशिकने बाटलीकडे, मग खाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघितलं. एका पेल्यावर परवाना जाऊ शकतो, आणि दुसऱ्याची गाडी घरी पोचवणारे ड्रायव्हर शहरात मिळतात, या टेकडीवर नाही.

"काका, गाडी चालवायचीय."

"मग नको घेऊस. सहा श्राद्धं कर."

त्याने दोन्ही हातांनी पेला घेतला. काकांनी काठोकाठ भरला. मोठ्यांसमोर तोंड फिरवून प्यायचं असतं, म्हणून वॉनशिकने डोंगराकडे तोंड केलं आणि एका दमात संपवला. पाण्यासारखीच लागली, पण पोटात उतरल्यावर तो थोडा वेळ कंबर विसरला.

काकांच्या अंगणातून त्याने फोन लावला.

"दिला होकार?" मिरानने विचारलं.

"दिला. सहाचं एक."

मग जरा मऊ आवाजात, "निघालास?"

"उद्या सकाळी निघतो. प्यायलोय." त्याने उरलेलं एका श्वासात सांगून टाकलं. "आणि त्या पाच दिवशी काका येणार आहेत. जेवायला."



"वॉनशिक, पितर निदान मीठ कमी आहे म्हणत नाहीत."

"भात आणि एक कालवण पुरे म्हणालेत. माझ्याच हातचं चालेल म्हणाले."

"तळण?"

"तळण नाही."

"नक्की? पुढच्या वेळी फिरले म्हणजे?"

आतून काकांनी हाक मारली, त्यांचा पेला रिकामा होता. वॉनशिक कमरेवर हात ठेवून उठला.

"नाही फिरायचे," तो म्हणाला. "त्यांच्या हातचा पेला घेतलाय."