पुढच्या दोन चाकांचं काम

मुकादम निवृत्त झाले आणि त्यांनी चारही चाकांनी ओढणारी एक जुनी गाडी घेतली. जन्मभर गोदामात माणसं कामाला जुंपत आलेला माणूस तो. गिअरशेजारच्या दुसऱ्या दांडीवर ‘दोन’ आणि ‘चार’ अशा खुणा बघून त्यांचं डोकंच फिरलं. दोन चाकांनी राबायचं आणि दोघांनी आयत्या बिळावर नागोबा व्हायचं? माझ्या गाडीत? त्यांनी दांडी ‘चार’वर टाकली आणि पुन्हा म्हणून हलवली नाही.

गाडी मग दर वळणावर कण्हायला आणि उड्या मारायला लागली. फिटरने खाली शिरून पाहिलं आणि हात पुसत तो म्हणाला, “काका, वळताना पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची लहान. फुल-टाइम गाडीत मधे एक डिफरन्शियल असतं, ते हा फरक पोटात घालतं. म्हणून ती कायम चारवर पळते. तुमची आहे पार्ट-टाइम. हिच्यात चारवर टाकलं की पुढची-मागची एकमेकांना जखडून टाकतात. चिखलात चाकं घसरतात म्हणून भागतं. कोरड्या डांबरावर दोनवरच ठेवा, मागची दोन ओढतील.”

“म्हणजे चूक वळणाची आहे,” मुकादम म्हणाले.

मुकादमीणबाईंनी कपाळावर हात मारला. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! त्या दिवसापासून मुकादम वळलेच नाहीत. घरासमोरच्या सरळ रस्त्याने जायचं आणि तसंच, मान मागे करून, रिव्हर्समध्ये घरी यायचं. न्हावी बदलला. हाडांचा डॉक्टर गल्लीत आत बसायचा, म्हणून दुखरा गुडघा त्यांनी सरळ रस्त्यावरच्या दाताच्या डॉक्टरला दाखवला. त्या बिचाऱ्याने तो ठोकूनही पाहिला. उजवीकडे राहणारी सख्खी बहीण तर त्यांनी आयुष्यातून वजाच केली.

पण मुलगी डावीकडे राहायची, आणि तिला मुलगी झाली होती. बाई बसने जाऊन यायच्या. दारात गाडी असताना मुकादम बसला हात दाखवणार नव्हते. आता जावयाची दूर बदली झाली होती आणि बिऱ्हाड उद्या सकाळी हलणार होतं. “आई, बाबांना नात बघायचीच नाहीये का गं?” म्हणून पोरगी फोनवर रडली. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी मुकादमांना गाडीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसल्या.

वळणापाशी मुकादमांनी ब्रेक मारला.

“इथून दिसतं का बघ त्यांचं घर.”

“अहो, वळवा!”

“दोन चाकं रिकामी बसवून?”

“बसू देत की! कुणाचं काय जातंय?”

मागे हॉर्नचा गोंगाट चालला होता. मुकादमांनी स्टिअरिंगवरचे हात खाली घेतले. “रिकामं बसलेल्याचं काय होतं ते मला विचार,” ते हळूच म्हणाले. “सकाळी उठतो, गाडी पुसतो, दिवस संपला. कुणाचं काही अडत नाही माझ्यावाचून.”

बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. इतके महिने ह्या माणसाला नुसतं हट्टी म्हटलं, ह्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

“अहो, ती पुढची दोन ओढत नसतील,” त्या म्हणाल्या, “पण गाडी वळवतंय कोण? मागची?”

मुकादमांनी काचेतून बॉनेटकडे पाहिलं. मग त्यांनी दांडीला हात घातला. ती जाम झाली होती. त्यांनी गाडी जराशी मागे घेतली, तसा ताण सुटला आणि दांडी ‘दोन’वर आली. गाडी कुरकुर न करता डावीकडे वळली. मागच्या गाडीवाल्याने जाता जाता शिवी हासडली, ती त्यांनी हसतमुखाने घेतली.

मुलीच्या घरात खोकीच खोकी होती. ती बापावर रागावलेली होती, पण भांडायला सवड कुणाला? तिने झोपलेली नात त्यांच्या हातांवर ठेवली आणि सामान बांधायला गेली. जावई धावपळ करत होता, बाई भांडी कागदात गुंडाळत होत्या. मुकादम एका खोक्यावर बसून होते, जागचे हलत नव्हते.

शेवटी मुलीनेच चहाचा कप त्यांच्यापुढे धरला.

“तिथेच ठेव,” मुकादम कुजबुजले. “माझे हात रिकामे नाहीत.”