चर्चच्या टाळावरची राख

मित्रांनो, मी एक जुना टाळ आहे. माझ्या पोटात एक काळा डाग आहे. तो कसा पडला हे सांगताना आजही मान खाली घालावीशी वाटते. टाळाला मान नसते, तरीसुद्धा!

कासाराच्या भट्टीत माझा आणि माझ्या जोडीदाराचा जन्म झाला. तिथून आम्ही नगर जिल्ह्यातल्या सोनओढा गावच्या चर्चमध्ये आलो. गाव तसं कोरडं. उत्तरेला उघडाबोडका डोंगर, पायथ्याशी काळी जमीन, मधून ओढा आणि ओढ्याकाठी पत्र्याच्या छपराचं आमचं दगडी चर्च. सुगीच्या सणाला लोक ज्वारीची कणसं, भोपळे, एखादी ओरडणारी कोंबडीसुद्धा देवापुढे आणून ठेवत. चर्चचे भजनकरी विश्वनाथ भजन म्हणत आणि गावातला दामू मृदंग वाजवी. दामू मारुतीचा भक्त, पण त्याच्यावाचून चर्चच्या भजनाला रंग चढत नसे. देवळात सप्ताह बसला की तो आम्हाला मागून नेई. ठेका चुकला की दोन्हीकडे बोलणी मात्र सारखीच बसत.

विश्वनाथांची लेक अक्षया स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीला निघाली, तेव्हा त्यांनी आम्हाला तिच्या बॅगेत ठेवलं.

"करमेनासं झालं तर वाजव. सुगीच्या सणाआधी मी येऊन घेऊन जाईन," ते म्हणाले.

दिल्लीत आमची जागा पलंगाखाली. शहरातल्या फाडफाड बोलणाऱ्या मुलांत अक्षयाला आपल्या गावाची लाज वाटू लागली होती. एकदा तिचा वर्गमित्र गौरव मुलाखतीचा सराव घ्यायला बसला.

"मॅडम, तुमच्या गावाचा भूगोल, वारसा, लोकजीवन याबद्दल सांगा."

"सर, छोटं खेडं आहे. सांगण्यासारखं विशेष काही नाही."

मी पलंगाखालून ऐकत होतो. मला फार वाईट वाटलं.

पुढे तिची खोलीतली मैत्रीण वैभवी झाडू मारत असताना आम्ही तिच्या हाती लागलो. वैभवी मराठी घरातली, पण गुरुग्राममध्ये वाढलेली. तिने टाळ कधी पाहिला नव्हता.

"ये क्या है यार? कसली वाटी आहे ही?"

"काही नाही गं, असंच जुनं काहीतरी."

"कॉईल ठेवायला बिल्कुल मस्त आहे! दोरी काढू?"

"काढ की," अक्षया म्हणाली.

दोरी सुटली. जोडीदाराच्या पोटात केसांच्या पिना गेल्या आणि मी खिडकीत जाऊन बसलो; माझ्या पोटात डासांची कॉईल जळू लागली. ज्याने देवाचं नाव ऐकवायचं, तो राख झेलत बसला.

संक्रांतीला गावची मंडळी पानिपतच्या लढाईचं स्मारक, काला अंब, बघायला आली. तिथून विश्वनाथ आम्हाला न्यायला थेट खोलीवर आले. थंडीने डास गेले होते, पण माझ्यातली राख तशीच होती. त्यांची नजर खिडकीकडे गेली आणि मला वाटलं, धरणी दुभंगावी. त्यांनी मला उचललं आणि राख स्वतःच्या रुमालात ओतली.

"डास फार होते का गं इथं?" त्यांनी हळूच विचारलं.

अक्षयाचा चेहरा पडला. वैभवी गोंधळली. "काका, सॉरी हां. हे काय असतं? अक्षया म्हणाली, असंच जुनं काहीतरी आहे."

विश्वनाथांनी लेकीकडे पाहिलं. "जुना आहेच तो," एवढंच ते बोलले.

अक्षयाने मला त्यांच्या हातून घेतलं आणि नळाखाली धरून घासघास घासलं. डाग काही गेला नाही. मग ती रडू लागली आणि रडतच वैभवीला सांगू लागली, की हा आमच्या चर्चचा टाळ आहे, आमच्या गावाला ओढा आहे, डोंगर आहे, दामूकाका आहेत. विश्वनाथ खाली मान घालून आम्हाला नवी दोरी ओवत होते. त्यांच्या हातून दोरीची गाठ बसेना.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून, जपून ठेवा. पण पुसायचं राहिलं तरी एक वेळ चालेल. कुणी विचारलं, "हे काय आहे?" तर "काही नाही" म्हणू नका. "हे आमचं आहे," एवढं तरी सांगा.